सहल भेट द्यायची, तर ती मुलांची हवी

प्रिय ताई,

मला दोन मुलं आहेत. मुलगी १० वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. दर मोठ्या सुट्टीत आम्ही दोघांना एकेक मोठी भेट देतो. शिवाय आजी-आजोबा, काका, आत्या, मावशी यांच्याकडून येतं ते वेगळंच. आता खेळण्यांच्या कपाटाचं दारही लागत नाही. गेल्या सुट्टीत धाकट्याच्या हट्टाने घेतलेलं महागाचं खेळणं चौथ्या दिवशी पलंगाखाली गेलं, ते अजून तिथेच आहे. म्हणून या वेळी खेळणी नकोत, चौघांनी मिळून पाच दिवसांची सहल करावी आणि तीच मुलांना भेट द्यावी, असं माझ्या मनात आहे. सहलीला पैसे लागणार, म्हणजे दुसरं काही मोठं घेता येणार नाही.

नवऱ्याचं म्हणणं असं की, "सहलीला आपण सगळेच जाणार, मग ती मुलांची भेट कशी? मुलांना हातात काहीतरी लागतं." सासूबाई तर नाराजच आहेत. धाकट्याला यातलं काय आठवणार, उगाच पोरांचा हिरमोड होईल, असं त्या म्हणतात. आता मलाही शंका यायला लागली आहे. ही माझीच फिरायची हौस मी मुलांच्या नावावर खपवत नाही ना?

– दोन मुलांची आई

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. हौस तुमची आहेच, आणि ती असायलाच हवी. आईबापांना स्वतःलाच कुठे जायची इच्छा नसेल, तर त्यांच्याबरोबरचा प्रवास मुलांनाही जड जातो. पण तुमच्या यजमानांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एखादी वस्तू मुलाची आहे, हे आपण कशावरून म्हणतो? तिचं काय करायचं हे तो ठरवतो, यावरून. खेळण्यातली गाडी तो उलटी चालवतो, तिची चाकं काढून दुसरीकडे लावतो, तिला अंथरुणात घेऊन झोपतो. आपण फार तर "मोडेल रे" म्हणतो. सहलीचं तसं नसतं. कुठे जायचं, किती वाजता उठायचं, काय बघायचं, कशापुढे उभं राहून फोटो काढायचा, सगळं मोठी माणसं ठरवतात आणि मुलं सामानाबरोबर चालत राहतात. अशी सहल कितीही छान झाली तरी ती मोठ्यांचीच असते. तिला भेट म्हटलं, तर १० वर्षांच्या मुलीला ते लगेच कळतं. ती बोलून दाखवेल असं नाही, पण कळतं.

म्हणून माझं उत्तर असं: सहल जरूर भेट द्या, पण तिचा एक भाग खरोखर मुलांच्या हाती सोपवा. एवढं तुमच्याकडून होणार असेल तरच तिला भेट म्हणा. नाहीतर सरळ "या सुट्टीत आपण फिरायला जाऊ" म्हणून जा. त्यातही काही वाईट नाही.

माझी मुलगी साधारण तुमच्या मुलीच्याच वयाची असताना आम्ही रात्रभराचा रेल्वेप्रवास केला होता. निघण्याआधी सगळ्यांची तिकिटं एका छोट्या पाकिटात घालून मी तिच्याकडे दिली आणि म्हटलं, "ही तुझ्याकडे. परत येईपर्यंत मी मागणार नाही." तिने ते पाकीट उशीखाली ठेवलं. रात्री तपासनीस आला तेव्हा आम्ही दोघं गाढ झोपेत होतो. तीच उठून बसली होती. तिने पाकीट काढलं, चारही तिकिटं क्रमाने लावून त्याच्या हातात दिली आणि आमच्याकडे बोट दाखवत कोण कोण ते सांगितलं. मला जाग आली तेव्हा तो तिला तिकिटं परत देत होता. त्या सहलीत आम्ही बरंच काही पाहिलं होतं. आज ती नोकरी करते, स्वतःच्या पैशाने फिरते, आणि त्या प्रवासाचा विषय निघाला की पहिल्यांदा ते पाकीटच सांगते. ती सहल तिची झाली होती ती तिथे.

तुमच्या मुलीसाठी मी असं सुचवेन. पाच दिवसांतला एक दिवस तिचा. नुसतं तोंडी सांगू नका, वहीत लिहून द्या. एक चांगली वही घ्या, पहिल्या पानावर जायच्या ठिकाणाचा नकाशा चिकटवा, पुढे प्रत्येक दिवसाचं एक पान करा. चार पानांवर तुमचं ठरलेलं लिहा आणि एक पान कोरं ठेवून वर तिचं नाव घाला. त्या दिवशी सगळं घर तिच्या मागून जाणार. ती वही हीच तिची भेट. तुमच्या यजमानांना हातात काहीतरी द्यायचं आहे ना, ते हेच.

फक्त कोरं पान देताना कुंपण आधीच घाला, नंतर नको. किती पैसे खर्च करता येतील, किती लांब जाता येईल, किती वाजता परत यायचं, हे सुरुवातीलाच सांगा. तिने ठरवल्यावर "ते नको, त्यापेक्षा हे कर" असं झालं, तर पान कोरं दिलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटेल. आणि तिने जे निवडलं ते तुम्हाला अगदी क्षुल्लक वाटलं, म्हणजे दिवसभर पोहण्याच्या तलावात डुंबायचं, किंवा एकाच झाडाखाली बसून चित्रं काढायची, तरी ते करा. एवढ्या लांब येऊन हे काय, असं मनात येईल. येऊ द्या, तोंडावर आणू नका.

४ वर्षांच्या मुलाला अख्खा दिवस सोपवता येत नाही, त्याला तो पेलणारही नाही. त्याच्यासाठी रोज एक छोटा निर्णय ठेवा. खिडकीशी आधी कोण बसणार, आज टेकडी चढायची की पाण्याकाठी जायचं, असा. दोनच पर्याय द्या, आणि दोन्ही तुम्हाला चालणारे असू द्या. "तुला काय करायचंय?" असं मोकळं विचारलं तर तो असं काही मागेल की नाही म्हणावं लागेल, आणि मग रडारड.

आता हातात काहीतरी लागतं, या मुद्द्याकडे. इथे धाकट्याच्या बाबतीत तुमचे यजमान बरोबर आहेत आणि त्याला अभ्यासाचा आधारही आहे. वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च जास्त आनंद देतो, हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. लीफ व्हॅन बोव्हेन आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचा त्यावरचा गाजलेला शोधनिबंध २००३ सालचा. पण तो मोठ्या माणसांवर बेतलेला होता. मुलांचं काय, हे लॅन न्युयेन चॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये तपासलं आणि २०२० साली प्रसिद्ध केलं. त्यात लहानग्यांना वस्तूंमधून जास्त आनंद मिळताना दिसला. वय वाढेल तसं पारडं अनुभवांकडे झुकत गेलं. त्यामागे त्यांनी दोन कारणं पाहिली. एक म्हणजे स्मरणशक्ती: अनुभव संपल्यावर तो मनात पुन्हा उभा करता यायला हवा, आणि लहान मुलाला ते अजून नीट जमत नाही. वस्तू डोळ्यांसमोर असते, आठवावी लागत नाही. दुसरं म्हणजे इतरांच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याची क्षमता. सहलीची बरीचशी गंमत बरोबरच्या माणसांची गंमत बघण्यात असते. ते समजायला थोडं वय यावं लागतं.

म्हणजे तुमच्या घरात एकाच सहलीच्या दोन भेटी व्हायला हव्यात. मुलीला कोरं पान पुरेल. धाकट्याला पाकिटातला कागद दाखवून "आपण फिरायला जाणार!" म्हटलं, तर तो पाकिटात अजून काय आहे ते शोधत बसेल. त्याला खरीखुरी वस्तू द्या, फक्त ती सहलीत कामाची असू द्या. त्याच्या पाठीला बसणारी पिशवी, लहानशी विजेरी, भिंग. महाग नको, पण त्याची एकट्याची हवी. दिल्या दिवसापासून तो ती पिशवी घरभर मिरवेल, आणि सहल काय असते हे त्याला त्या पिशवीतूनच कळत जाईल.

एक गोष्ट मात्र मुलीशी आधी बोलून घ्या. गेले कित्येक महिने ती एखाद्या ठरावीक गोष्टीची वाट बघत नाही ना? सायकल, एखादं वाद्य, रंगांची मोठी पेटी? असेल, तर त्या जागी सहल देऊ नका. सहल कितीही छान असली तरी ती सायकलीची जागा घेत नाही. मुलीला एवढंच दिसेल की तिने मागितलं एक आणि मिळालं दुसरं. अशा वेळी सायकल घ्या आणि सहल पुढच्या सुट्टीवर ढकला, किंवा पाच दिवसांची दोन दिवसांवर आणा. मी वर सांगितलेल्या २००३ च्या अभ्यासातही कमी उत्पन्न असलेल्या लोकांमध्ये वस्तू आणि अनुभव यांतला फरक फारसा दिसला नव्हता. गरजेची वस्तू ही गरजेची असते, तिच्यासमोर अनुभवाचे गोडवे गाऊ नयेत. आणि कर्ज काढून तर सहल अजिबात करू नका. सहल दोन दिवसांची की पाच दिवसांची, याचा हिशेब मुलं ठेवत नाहीत. एक रात्र घराबाहेर, अनोळखी अंथरुणात, सगळे एका खोलीत, एवढंसुद्धा ४ वर्षांच्या मुलाला पुष्कळ आहे.

भेट कधी द्यायची, याला मी फार महत्त्व देते. काही पालक शेवटच्या क्षणापर्यंत गुपित ठेवतात आणि निघायच्या दिवशी सकाळी मुलांना उठवून सांगतात. मुलांचे चकित झालेले चेहरे बघण्याचा मोह मला समजतो, पण त्या एका मिनिटासाठी आपण मुलांचे कितीतरी दिवस हिरावून घेतो. वाट बघणं हा सहलीचाच भाग आहे. अमित कुमार, मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि टॉमस गिलोविच यांनी २०१४ साली हेच दाखवलं, की वस्तूची वाट बघण्यापेक्षा अनुभवाची वाट बघणं माणसांना जास्त सुखाचं वाटतं. वस्तूच्या वाटेत अधीरपणा जास्त असतो, अनुभवाच्या वाटेत उत्सुकता. त्याआधी २०१० साली नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांची पाहणी झाली होती. सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. परत आल्यावर मात्र हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. अपवाद फक्त अशांचा, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येते.

तर मुलीला महिना-दीड महिना आधी सांगा. त्या काळात ती नकाशा बघेल, मैत्रिणींना सांगेल, कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून खोडेल. धाकट्याला इतकं आधी सांगू नका. त्याच्यासाठी महिना आणि वर्ष यांत फार फरक नसतो. तो रोज सकाळी "आज जायचं?" विचारेल आणि रोज नाही ऐकेल. त्याला आठवडाभर आधी पिशवी द्या आणि एका दोरीला जितके दिवस उरलेत तितक्या गाठी मारून ती त्याच्या पलंगाला बांधा. रोज रात्री एक गाठ त्याने सोडायची. त्याच्या ताईला मात्र तोवर हे त्याच्यापासून गुपित ठेवावं लागेल, पण १० वर्षांच्या मुलीला असं गुपित सांभाळायला आवडतं. आणि काहीही झालं तरी रजा मंजूर होऊन आरक्षण पक्कं होईपर्यंत दोघांनाही एक शब्द बोलू नका. मोडलेलं खेळणं मुलं विसरतात. "आपण जाणार होतो ना" हे ती विसरत नाहीत.

सासूबाईंबद्दल. "आई, तुमच्या खेळण्यांनी कपाट भरलंय" असं चुकूनही म्हणू नका. नातवंडांच्या हातात काहीतरी ठेवणं ही त्यांची माया करायची रीत आहे. तुम्ही सहल जाहीर केलीत तेव्हा त्यांच्या कानावर आलं ते एवढंच, की या वर्षी तुम्ही काही देऊ नका. त्यांची जागाच गेली. ती त्यांना परत द्या. सहलीतली एखादी गोष्ट त्यांच्या नावाने असू दे. नावेतून फेरफटका असेल तर तो आजीकडून. किंवा धाकट्याची पिशवी आजीच्याच हातून मिळू दे, मुलीला दुर्बीण आजोबांकडून. त्यांना बरोबर नेता येत असेल तर प्रश्नच नाही, फक्त मग दिवसाचा वेग त्यांच्या गुडघ्यांप्रमाणे ठेवा. नाही तर तिथून मुलांनी त्यांना एक पत्र लिहायचं, असं ठरवा. मुलीने मजकूर लिहायचा, धाकट्याने चित्र काढायचं, आणि मुलांनीच ते पेटीत टाकायचं. फोनवर पाठवलेल्या पन्नास फोटोंपेक्षा ते पत्र आजी जास्त जपतील.

काका, मावशी, आत्या यांना या वेळी खेळणी नकोत हे आधीच सांगा. संकोच वाटतो खरा, पण एकदा सांगून टाकलं की त्यांनाही सुटल्यासारखं वाटतं. काय घ्यावं या प्रश्नाने तेही बेजार असतात.

आता धाकट्याला काय आठवणार, हा सासूबाईंचा प्रश्न. मोठ्या माणसांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली, तर ती साधारणपणे ३ ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. त्याआधीचं जवळजवळ सगळं पुसलेलं असतं. तुमचा मुलगा त्या रेषेच्या अलीकडे आला आहे. त्याला सगळी सहल आठवणार नाही, पण एखादा तुकडा राहू शकतो. कोणता, ते तुमच्या हातात नाही. तो राहावा यासाठी मात्र काहीतरी करता येतं. रॉबिन फिव्हश आणि इलेन रीस या संशोधकांनी वर्षानुवर्षं आया आणि मुलं जुन्या गोष्टींबद्दल कसं बोलतात याचा अभ्यास केला. ज्या आया तपशिलात शिरून, मुलाला सांगायला वाव देत बोलतात, त्यांच्या मुलांच्या आठवणी पुढे जास्त भरीव असतात. "मजा आली ना?" या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर. "नाव हलायला लागली तेव्हा तू कोणाला धरलंस?" या प्रश्नाला गोष्ट येते. ती चुकीची आली तरी लगेच दुरुस्त करू नका, आधी पूर्ण ऐका. परत आल्यावर पहिली गोष्ट आजीला सांगायची, असं ठरवून टाका. आजीने सहल पाहिलेली नसते, त्यामुळे तिला खरोखरच सगळं विचारावं लागतं. मुलाची आठवण पक्की करायला तिच्याइतकं योग्य माणूस घरात दुसरं नाही. सासूबाईंना हेही सांगून बघा.

आणि समजा, त्याला काहीच आठवलं नाही. तुम्ही त्याला रोज रात्री थोपटून झोपवता. त्यातली एक तरी रात्र त्याला मोठेपणी आठवणार आहे का? म्हणून कोणी थोपटायचं थांबत नाही. पाच दिवस आईबाबा दिवसभर आपल्याजवळ होते, हे त्याला त्या पाच दिवसांत कळणार आहे, आणि ४ वर्षांच्या मुलाला तेवढं मिळालं तरी भेट पोचली.

पण मग ते पाच दिवस खरोखर जवळ असा. दोघांपैकी कोणाला कामाचे फोन घ्यावेच लागणार असतील, तर त्याची वेळ ठरवा आणि मुलांना सांगा: सकाळी अर्धा तास, मग फोन पिशवीत. या भेटीत तुम्ही दोघं स्वतःच मोठा हिस्सा आहात.

निवांत सुट्टीबद्दल वर म्हटलं होतं. बहुतेक सहली बिघडतात त्या जास्त भरल्यामुळे. एवढे पैसे खर्चून आलोय तर हेही बघू, तेही बघू, आणि दुपारी तीन वाजता भर उन्हात मूल रस्त्यात बसकण मारतं. दिवसाला एकच ठरलेली गोष्ट ठेवा, तीही सकाळी. दुपार मोकळी. झोपेची वेळ शक्यतो घरचीच. रोज मुक्काम बदलू नका, एकाच ठिकाणी राहून आसपास फिरा. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच पायऱ्यांवर परत आलं की लहान मुलं सैलावतात. ती जागा त्यांची होते.

प्रवासात मुलांना मळमळणं, उलट्या होणं याची तयारी ठेवा, कारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त होतो. म्हणजे तुमची दोघंही त्यात आली. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, आणि डोळे पुस्तकाकडे किंवा पडद्याकडे लागलेले असले की ते सांगतात आपण स्थिर आहोत. या दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून पोटात ढवळतं. त्यामुळे गाडीत वाचन आणि मोबाइल बंद, नजर बाहेर लांबवर, पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको, थोडी हवा येऊ द्या, मधे मधे थांबा. औषध द्यायचं तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून. विमानाने जाणार असाल तर उतरताना धाकट्याला जागं ठेवा आणि घोटघोट पाणी प्यायला द्या. गिळताना कानातला दाब मोकळा होतो, झोपेत तसं होत नाही आणि मूल कान धरून रडत उठतं. आणि मुक्कामाला पाणी असेल, मग ते समुद्राचं असो की पोहण्याच्या तलावाचं, तर धाकटा पाण्याजवळ असताना एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर असलंच पाहिजे, आणि ते कोण, हे दोघांनी बोलून ठरवलेलं पाहिजे. बुडणारं मूल बहुतेकदा आवाज करत नाही.

यापुढचं जरा कठीण आहे, पण तेच मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. सहलीत काहीतरी बिनसणार. धाकटा रडेल, मोठी रुसेल, कोणाला तरी ताप येईल, पाऊस पडेल. त्या वेळी तुमच्या तोंडी एक वाक्य येईल: "तुमच्यासाठी एवढा खर्च केला आणि तुम्ही असं वागता?" ते गिळून टाका. खेळणं आवडलं नाही तर मूल ते पलंगाखाली सरकवतं आणि आपण फारसं मनावर घेत नाही. सहल आवडली नाही तर मात्र आपण मुलाकडे हिशेब मागतो. भेटीचं बिल पुढे केलं की ती भेट उरत नाही, उपकार होतो, आणि मुलं उपकाराला मनातून घाबरतात. मुलांना सहल दिली असेल तर तिच्यात कंटाळायचा, थकायचा, घरी जायचंय म्हणायचा हक्कही दिलेला असतो. मुलगी एखादी संध्याकाळ गप्प बसली, तर तिला गप्प बसू द्या. दिवसातून चार वेळा "आवडतंय ना?" विचारू नका. त्या प्रश्नात तिला तुमची काळजी ऐकू येते आणि मग ती तुम्हाला बरं वाटावं म्हणून हसते.

शेवटच्या दिवसाकडे थोडं जास्त लक्ष द्या. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. त्रास दुसऱ्या वेळी जास्त वेळ झाला. तरी यातलं कोणतं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. आठवण साऱ्या वेळाची बेरीज करत नाही. शेवटाला ती जास्त वजन देते. आणि आपण सहलीच्या शेवटी काय ठेवतो? खरेदीची घाई, बॅगा न लागण्याची चिडचिड, आणि रात्री उशिरा घरी पोचून सकाळी शाळा. सामान आदल्या दुपारीच भरून टाका. शेवटची संध्याकाळ मुलांना जे सर्वांत आवडलं त्याच जागी पुन्हा घालवा, नवं काही बघायला जाऊ नका. आणि शाळा उघडण्याच्या एक दिवस आधी घरी या.

परत आल्यावर सगळे फोटो फोनमध्ये पडू देऊ नका. दहा-बारा निवडून छापून घ्या, आणि निवड मुलांना करू द्या. ती तुमच्या आवडीचे निवडणार नाहीत. ते फोटो मुलीच्या वहीत चिकटवा, खाली एकेक ओळ तिने लिहायची, आणि धाकट्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत तिने उतरवून घ्यायचं. मग ती वही कपाटातल्या पहिल्या कप्प्यात ठेवा. पलंगाखालचं ते खेळणं दुसऱ्या एखाद्या मुलाला दिलंत तर वहीसाठी जागाही होईल. देताना धाकट्याला विचारून द्या.

तुमच्या यजमानांना माझा निरोप सांगा की त्यांनी विचारलेल्या प्रश्नामुळेच ही सहल भेट होऊ शकेल. कोऱ्या पानाची कल्पना पटली, तर मुलीच्या हातात वही त्यांनीच द्यावी. आणि त्या पानावर तिने शेवटी काय लिहिलं, ते मला जरूर कळवा.